वडिलांच्या अन्ननलिकेच्या कॅन्सरचं निदान उशिरा झालं, कायदेशीर मार्ग कोणता? मदत हवी आहे

नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय 63, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतात. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास छातीत जळजळ सुरू झाली, मग भाकरीचा घास अडकायला लागला. गावातल्या खासगी दवाखान्यात एमडी डॉक्टरांना दाखवलं. पित्त आहे म्हणाले. पँटोप्राझोल, सिरप, तिखट बंद. पुढे प्रत्येक वेळी तेच. दिवाळीत अण्णा भाकरी दुधात कुस्करून खात होते, संक्रांतीपर्यंत नुसत्या पेजेवर आले. आईनं डॉक्टरांना विचारलं होतं, दुर्बिणीतून बघायचं का? "उगाच खर्च कशाला" म्हणाले.

होळीनंतर पाणीसुद्धा उतरेना, तेव्हा भावानं सोलापूरला नेलं. त्याच दिवशी एंडोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) झाली, गाठ दिसली, तुकडा तपासायला पाठवला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. मुंबईला टाटामध्ये पेट (PET) स्कॅन, म्हणजे कॅन्सर कुठे पसरलाय ते बघायचा स्कॅन झाला, त्यात यकृतातही गाठी निघाल्या. चौथी स्टेज. ऑपरेशन होणार नाही. घास उतरावा म्हणून अन्ननलिकेत स्टेंट (जाळीची नळी) टाकलाय, केमो चालू आहे.

संताप याचा होतो, की केसपेपरवर सगळं लिहिलेलं आहे. ऑक्टोबरच्या पानावर 'घास अडकतो', वजन 68. फेब्रुवारीच्या पानावर वजन 57 आणि खाली पुन्हा पँटोप्राझोल. अण्णा तंबाखू खायचे, तेही पहिल्याच पानावर आहे. तंबाखू खाणारा साठीतला माणूस, घास अडकतोय, वजन उतरतंय, तर आधी दुर्बीण, ही काही दुर्मिळ विद्या नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या नाइस (NICE) संस्थेच्या सूचनांत तर नुसता घास अडकत असला तरी तातडीनं एंडोस्कोपी करायला सांगितलंय.

असा उशीर निष्काळजीपणा धरतात, की 'डॉक्टरांचा अंदाज चुकला' म्हणून सोडून देतात? ग्राहक आयोग, मेडिकल कौन्सिल की पोलीस? जानेवारीत सलाइन लावायला अण्णांना त्याच गावातल्या दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, ते इनडोअर पेपर (दाखल असतानाच्या नोंदी) दवाखान्याकडेच आहेत. मागितले तर देतील का? उपचाराचा खर्च भरून निघाला तर हवाच आहे, पण हे चुकलं असं कुणीतरी अधिकारानं म्हणावं, हे मला जास्त हवं आहे.

प्रतिसाद (ग्राहक आयोगात वकिली करतो)

ताई, आधी कागद. नोटीस पाठवण्याआधीच इनडोअर पेपरसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रेकॉर्ड 3 वर्षं जपायचं असतं आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचं असतं. एकदा वाद सुरू झाला की कागद मिळणं अवघड होतं.

निदान चुकलं एवढ्यावर निष्काळजीपणा ठरत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सुप्रीम कोर्टानं कसोटी सांगितली, की त्याच क्षेत्रातला सर्वसाधारण कुशल डॉक्टर कसा वागला असता? तुमचं बळ तिथेच आहे. लक्षणं नोंदवली, वजन नोंदवलं, घरच्यांनी तपासणी सुचवली, तरी केली नाही.

खरी लढाई पुढे आहे. दवाखाना म्हणेल, ऑक्टोबरमध्येच आजार पसरलेला होता, तेव्हा दुर्बीण टाकून काय फरक पडला असता? हा प्रश्न वकिलाला सुटत नाही. त्यासाठी कॅन्सर सर्जनचं लेखी मत लागेल. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये म्हटलंय. पण उशिरानं नेमकं काय हिरावलं, हे दाखवायचं असेल तर त्या मताशिवाय जाऊ नका. याच मुद्द्यावर चांगल्या केसेस पडतात.

मार्ग म्हणाल तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाव्याच्या रकमेवर नाही, दवाखान्याला दिलेल्या पैशांवर आयोग ठरतो. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत 2 वर्षं. नुकसान उशिरा लक्षात आलं तर मुदत तेव्हापासून धरता येते, पण त्यावर विसंबू नका. गोव्यातल्या एका नर्सच्या पोटात 1993 च्या ऑपरेशनमध्ये गॉझ (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिला होता. तिची 2004 ची तक्रार सुप्रीम कोर्टानं मुदतबाह्य ठरवली, कारण मधल्या वर्षांत दुखत असूनही तिनं शोध घेतला नाही.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई करू शकतं, भरपाई देत नाही. पोलिसांत मी जाणार नाही. तिथे निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर असावा लागतो.

प्रतिसाद

आमच्या सासऱ्यांच्या वेळी हेच लक्षात आलं नव्हतं, म्हणून सांगते. अण्णा बोलू शकतात तोवर त्यांचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. केव्हा काय त्रास झाला, डॉक्टर काय म्हणाले, त्यांच्या शब्दांत. तक्रारदाराचं काही बरंवाईट झालं तरी वारस केस पुढे चालवू शकतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर आईच्या नावानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भाऊ सोमवारी इनडोअर पेपरचा अर्ज देतोय. पण एक अडचण आहे. अण्णांना फक्त 'गाठ आहे, औषध चालू आहे' एवढंच माहीत आहे. यकृताचं आम्ही सांगितलेलं नाही. त्यांच्या सहीनं तक्रार द्यायची तर ती ते आधी वाचणार. ते प्रत्येक कागद वाचूनच सही करतात. त्यांना न सांगता काही करता येईल का?

प्रतिसाद (वकील)

दवाखान्याचे पैसे कुणी भरले? भावानं भरले असतील आणि पावती किंवा बँकेची नोंद असेल, तर तोही ग्राहक आहे, तो स्वतःच्या नावानं तक्रार करू शकतो. 1998 मध्ये एका लहान मुलाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं मुलाबरोबर पैसे भरणाऱ्या आईवडिलांनाही ग्राहक मानलं होतं. अण्णांच्या प्रतिज्ञापत्रात होळीपर्यंतचा त्रास आणि डॉक्टरांचं बोलणं एवढंच येऊ द्या, स्टेजचा उल्लेख तिथे लागत नाही. मात्र पुढे सुनावणीत त्यांची उलटतपासणी मागितली गेली तर हे झाकून राहणार नाही. त्यांना सांगायचं का आणि केव्हा, हे त्यांच्या केमोच्या डॉक्टरांशी बोलून तुम्हीच ठरवा.