मदत हवी आहे : एक्स-रे निर्दोष, पण मनगटाची शंका कायम

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. काल रात्री आलेला पंचविशीतला शेतमजूर कापसाच्या बंडीवरून उजव्या तळहातावर पडला होता. नाडी व बोटांची संवेदना व्यवस्थित आहे आणि एक्स-रेत भेग दिसत नाही. मात्र अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तेथे दाबताच त्याने हात झटकन मागे घेतला. स्कॅफॉइडचा, म्हणजे मनगटातील अंगठ्याकडच्या लहान हाडाचा, अस्थिभंग पहिल्या एक्स-रेत लपू शकतो, आणि या हाडाला मुख्यतः बोटांकडील बाजूने रक्त मिळत असल्याने, निदान हुकल्यास कोपराकडील तुकडा मृत होण्याची भीती असते. म्हणून अंगठ्यासह प्लास्टरची पट्टी बांधून त्याला १० ते १४ दिवसांनी पुन्हा बोलावले आहे.

पण सध्या वेचणी सुरू आहे. मजुरी बुडते म्हणून तो पट्टी सोडून टाकेल, ही माझी खरी चिंता आहे. मनगट करंगळीकडे वळवून घेतलेल्या एक्स-रेचा आपल्याला कितपत उपयोग झाला? अशा रुग्णाला लगेच एमआरआयसाठी नागपूरला पाठवावे का? आणि तो तपासणीला परत यावा म्हणून आपण घरच्यांना नेमके काय सांगता?