तीच गोष्ट तीनदा सांगितली म्हणून कीलरबाई खोट्या?

जुनी पेटी
परवा 'काळा कोट' यांनी क्रिस्टीन कीलरच्या २००१ सालच्या आत्मकथनावर लिहिलं. १९६३मध्ये ब्रिटन हादरवणाऱ्या प्रोफ्युमो प्रकरणातली ती हीच. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: बाईने एकच गोष्ट दर वेळी वेगळी सांगून पैसे केले. तिच्याशी संबंध ठेवणाऱ्या मंत्री प्रोफ्युमोने मात्र राजीनामा दिला, तोंड मिटलं आणि उरलेलं आयुष्य पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत सेवा करण्यात घालवलं. मग मान कुणाला द्यायचा? हे वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आधी वयं बघा. जुलै १९६१, क्लाइव्हडन, लॉर्ड ॲस्टरची इस्टेट, तिथला पोहण्याचा तलाव. तिथे दोघांची भेट झाली. ती १९ वर्षांची, तो ४६चा आणि ब्रिटनचा युद्धमंत्री. ती रेल्वेचे दोन जुने डबे जोडून केलेल्या घरात वाढलेली, सोहोतल्या क्लबात नाचून पोट भरणारी. त्याच घोळक्यात सोव्हिएत नौदलाचा इव्हानोव्ह वावरत होता. देशाची गुपितं ज्याच्या हातात, त्याने आजूबाजूला कोण आहे ते बघायचं की १९ वर्षांच्या पोरीने?

आता खोटेपणाचा हिशेब. २२ मार्च १९६३ला प्रोफ्युमोने भर संसदेत सांगितलं की कीलरच्या ओळखीत गैर काही नव्हतं. ५ जूनला खोटं बोलल्याचं कबूल करून पद सोडलं. १९७५ला त्याला सरकारी किताब मिळाला. कीलर कोर्टात खोटं बोलली, डिसेंबर १९६३मध्ये तिने ते कबूल केलं, तिला नऊ महिने कैद झाली. खोटं दोघंही बोलले. गजाआड एकच गेलं.

आणि ते तोंड मिटणं! ज्याच्या घरी पिढीजात पैसा आहे त्याला तोंड मिटणं परवडतं. टॉयनबी हॉलमध्ये, म्हणजे पूर्व लंडनमधल्या त्या सेवासंस्थेत, बिनपगारी काम करायला घरची चूल पेटती लागते. कीलरने आडनाव बदलून शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढायचं काम धरलं होतं. ती कोण ते कळल्यावर तिथूनही काढलं, असं तिनेच सांगितलंय. तिच्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, तिची स्वतःची हकीकत. ती तिने विकली.

माझी सख्खी आत्या एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होती. साहेबाबरोबर तिचं नाव जोडलं गेलं. साहेबाची बदली झाली, पुढे बढतीही. आत्या घरी बसली. घरात लग्नाची पत्रिका आली की पाकिटावर आमच्या वडिलांचं नाव आणि 'सहकुटुंब'. येताना तोंडी निरोप असायचा, आक्कांना आणू नका. ती पाकिटं ती नीट कापून मागच्या कोऱ्या बाजूला वाण्याची यादी लिहायची. तिने एक ओळ लिहून ठेवली असती, तर ती कितीदाही बदलली असती तरी मी वाचली असती.

काळा कोट
ताई, तुमच्या आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं, ते मनापासून लिहितो. पण तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात एक नाव एकदाही आलेलं नाही. लकी गॉर्डन.

कीलर कुठल्या खटल्यात खोटं बोलली? मारहाणीच्या. आरोपी गॉर्डन, जमैकाहून आलेला कृष्णवर्णीय गायक. त्याचं म्हणणं होतं की त्या वेळी तिथे दोन माणसं हजर होती, त्यांना बोलवा. ही शपथेवर म्हणाली, कुणी नव्हतं. होते! गॉर्डनला तीन वर्षांची शिक्षा झाली. ३० जुलै १९६३ला अपिलात ती रद्द झाली म्हणून तो सुटला. त्याच रात्री स्टीफन वॉर्डने, म्हणजे कीलरला या मोठ्या लोकांत नेणाऱ्या माणसाने, झोपेच्या गोळ्या घेतल्या. बायकांच्या अनैतिक कमाईवर जगतो असा त्याच्यावर आरोप होता, आणि सरकारी बाजूची मोठी साक्षीदार कीलर. ३ ऑगस्टला तो गेला.

आणि ज्या २००१च्या पुस्तकासाठी तुम्ही भांडताय त्यात हाच वॉर्ड सोव्हिएत हेर आहे. एमआय फाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर संस्थेचा प्रमुख रॉजर हॉलिसही त्याच टोळीत. हॉलिस १९७३ला वारलेला. दोघांपैकी एकही उत्तर द्यायला नाही. पुरावा काय, तर बाईंचा शब्द.

माझ्या जिल्हा कोर्टातली गोष्ट. एका खोट्या साक्षीवर माझा पक्षकार चौदा महिने आत होता. त्याची आई प्रत्येक तारखेला सकाळच्या एसटीने यायची, फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि ठेचा घेऊन. पोलीस घेऊ द्यायचे नाहीत. ती तसंच गाठोडं घेऊन परत जायची. तो सुटला, साक्षीदार आजही गावात मिरवतो. खोट्या साक्षीबद्दल कलम ३४०चे तीन अर्ज केले मी तीस वर्षांत, एकही पुढे सरकला नाही. ब्रिटिशांनी खोट्या साक्षीला निदान तुरुंगात धाडलं. आपल्याकडे शपथ म्हणजे

तिखटमीठ
वकीलसाहेब, ३४०साठी वेगळा धागा काढा. दर चर्चेत तेच.
आणि गॉर्डन कुणी संत नव्हता. तो तिच्या मागे लागला होता, मारहाण करायचा, कोंडून ठेवलं होतं, हे तिने पुनःपुन्हा सांगितलंय. त्याबद्दल चकार शब्द नाही तुमच्या प्रतिसादात.

काळा कोट
वाक्य अर्धवट गेलं, राहू दे. तो तिला छळत होता हे मी नाकारत नाही. छळणाऱ्यालाही न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा देता येत नाही. एवढं साधं तत्त्व समजावून सांगावं लागतंय याचा संताप येतो.

कॅम्पातला
वॉर्डचं पुणे कनेक्शन कुणालाच माहीत नाही की काय? युद्धकाळात, १९४४मध्ये, तो लष्कराच्या वैद्यकीय तुकडीतून हिंदुस्थानात आला आणि आमच्या पुण्यात होता. हाडंस्नायू चोळून बरे करायची विद्या त्याच्याकडे होती. गांधीजींची आखडलेली मान आपण मोकळी केली असं तो सांगायचा. त्यावर कुणी लिहायला हवं.

तिखटमीठ
काका, बाईच्या आत्मकथनावर बोलतोय. त्यातही पुन्हा पुरुषाचीच मान!

शाईदौत
वकीलसाहेबांच्या 'दर वेळी वेगळी गोष्ट' या मुद्द्यावर मला बोलायचंय, कारण हे माझं काम आहे. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या आठवणींचं शब्दांकन करते.

एका वयस्क कलावंत बाईंकडे मी चार महिने जात होते. टेप चालू, त्या तांदूळ निवडत बोलायच्या. एका पुढाऱ्याच्या बंगल्यावरची रात्र त्यांनी तीनदा सांगितली. पहिल्यांदा म्हणाल्या, पाऊस होता म्हणून राहिले. महिन्याभराने पाऊस गेला, गाडी बिघडली होती. शेवटच्या आठवड्यात ताटातले तांदूळ निवडून झाले तरी बोटं फिरतच होती, आणि म्हणाल्या, "बाहेरून कडी होती गं." मी टेप बंद केली. आता सांगा, पहिल्या दोन वेळा त्या खोटं बोलल्या का? ज्याच्यापुढे सांगायचं त्याच्यावर भरवसा बसेपर्यंत बाई पाऊस सांगते.

आणि ते पुस्तक निघालं तेव्हा माझं नाव कुठे होतं? आतल्या पानावर, ऋणनिर्देशात, चहा देणाऱ्यांच्या ओळीत. कीलरच्या २००१च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर डग्लस थॉम्प्सन या पत्रकाराचं नाव आहे. आपल्याकडे 'सांगत्ये ऐका' किती जणांनी वाचलं आणि ते अरुण साधूंनी ऐकून कागदावर उतरवलं हे किती जणांना ठाऊक आहे?

विंगेतून
सगळ्यांना ठाऊक आहे. आणि साधूंचं नाव मुखपृष्ठावर मोठं नसणं हेच बरोबर आहे. आयुष्य हंसाबाई वाडकरांचं, भोगलं त्यांनी. तुम्ही ऐकलंत, लिहिलंत, मानधन घेतलंत.

शाईदौत
मानधन! आठ हजार, दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता तीन पत्रं लिहिल्यावर. कडीचं वाक्य कुठे ठेवायचं, त्यानंतर परिच्छेद तोडायचा की नाही, यावर मी तीन रात्री घालवल्या. ते लेखन नाही तर काय?

विंगेतून
लेखन आहे. मालकी नाही. मी नाटकात प्रकाशयोजना करतो, माझ्याशिवाय नटी दिसत नाही, म्हणून तिच्या नावाशेजारी माझं नाव लावा म्हणत नाही. आणि खरं सांगू, हेच तर कीलरचं दुःख आहे. तिच्यावर प्रत्येकाने नाव कोरलं. लुईस मोर्लीने मे १९६३मध्ये काढलेला तो खुर्चीवरचा फोटो घ्या. तिच्यावर सिनेमा काढू पाहणाऱ्यांच्या करारात विवस्त्र फोटोची अट होती, ती तयार नव्हती. मोर्लीने इतरांना खोलीबाहेर काढलं, खुर्ची उलटी फिरवली आणि पाठीच्या आडोशाने तिला बसवलं. करार पाळला गेला आणि तीही झाकली गेली. आज ती खुर्ची लंडनच्या संग्रहालयात आहे. मोर्लीचं नाव झालं, खुर्चीचंसुद्धा झालं! तेव्हा पुस्तकावर तरी तिचं एकटीचं नाव असायला हवं होतं.

शाईदौत
म्हणजे थॉम्प्सनचं नाव काढायचं, आणि त्याची हेरांची प्रकरणं तिच्या एकटीच्या माथी मारायची? नाव असलं की जबाबदारीही असते. वकीलसाहेबांचा सगळा राग एकट्या बाईवर का आहे? मुखपृष्ठावर दुसरं नाव आहे ते कुणी वाचतच नाही म्हणून.

विंगेतून
ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. तरी मालकीवर ठाम आहे.

काळा कोट
शाईदौत, तुमचं तांदळाचं ताट वाचून उलटतपासणीतल्या दोनतीन बायका आठवल्या. जबाब बदलला म्हणून मी त्यांना खोटं पाडलं होतं, आणि तेव्हा खूश झालो होतो. त्याबद्दल इथे अधिक लिहिणार नाही.

पण फरक बघा. तुमच्या बाईंनी तिसऱ्यांदा सांगताना स्वतःवरची कडी सांगितली. मेलेल्या माणसाला नवा गुन्हा चिकटवला नाही. कीलरने प्रोफ्युमोपासून दिवस गेल्याचं आणि गर्भपाताचं लिहिलंय, ते मी मान्य करायला तयार आहे. ते तिचं शरीर, उशिरा सांगायचा तिला हक्क. वॉर्ड हेर होता, हे तिचं शरीर नाही.

जुनी पेटी
'मान्य करायला तयार आहे' म्हणे. तिच्या शरीराला तुमची मान्यता लागते का?

काळा कोट
शब्द चुकला. मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

तिखटमीठ
आणखी एक राहिलं. १९६३ला 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राने तिच्या हकीकतीसाठी तिला २३ हजार पौंड दिले म्हणून सगळे तिला लोभी म्हणतात. याच प्रकरणावरचा न्यायाधीश डेनिंगसाहेबांचा सरकारी अहवाल त्याच सप्टेंबरात निघाला, लोक रांगा लावून घेत होते, लाखाच्या वर प्रती गेल्या. सरकारने छापली की ती चौकशी, तिने छापली की धंदा?

काळा कोट
या एका मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जुनी पेटी
रात्रभर विचार केला. वॉर्डबद्दल मी अडखळते आहे. त्याने तिला घरात ठेवलं, मोठ्या लोकांच्या घोळक्यात नेलं, त्याबद्दल तिचा राग खरा असणार. पण तो माणूस कोर्टात एकटा पडला, त्याच्या जेवणावळींना येणारे मोठे लोक साक्षीला उभे राहिले नाहीत, आणि तिने तरी त्याला वाचवायला हवं होतं. हेरगिरीची प्रकरणं मी पुन्हा वाचली. तिथे तिचा आवाज लागत नाही. रेल्वेच्या डब्यातल्या घराबद्दल लिहिताना जसा लागतो तसा नाही.

गॉर्डनचं नाव मी गाळलं, हे मुद्दाम नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मूळ लेखात 'गजाआड एकच गेलं' लिहिलंय ते चूक आहे. तिच्या शब्दावर तोही आत गेला होता. ते वाक्य आत्ताच बदलते.

प्रोफ्युमोबद्दल एक अक्षर बदलणार नाही.

काळा कोट
बदला. मीही माझ्या लेखातला 'मान कुणाला' हा शेवटचा परिच्छेद काढतो. पुस्तकाबद्दलचं मत तेच.

शाईदौत
आणि मुखपृष्ठावरच्या नावाचं काय? त्याबद्दल कुणीच उत्तर दिलेलं नाही.