पोळ्या लाटताना केलेली प्रार्थना दुय्यम कशी?

रामबागची_सून
परवा इथे ‘निवांत’ यांनी लिहिलं की ख्रिस्ती माणसाला खरं मननचिंतन साधायचं तर रोज एक अखंड तास, बंद दार आणि वर्षातून एकदा आठ दिवसांचं मौन, एवढं हवंच. ‘कामं करता करता प्रार्थना’ ही बसायचा कंटाळा असलेल्यांनी काढलेली पळवाट आहे, असंही लिहिलं. दोन दिवस गप्प बसले. आज राहवलं नाही.

माझ्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर आहेत. अर्धांगवायू. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. कूस बदलली की माकडहाडाजवळची कातडी बघायची. लालसर दिसली तर अंगठ्याने हलकेच दाबायची. अंगठा उचलला की तिथे पांढरा ठिपका उरतो आणि मग हळूहळू लाली परत भरते. भरली तर ठीक. दाबूनही लाली जराही हलली नाही तर समजायचं, जखम धरायला लागली. तो ठिपका भरेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत माझ्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर.’ पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मठांमध्ये जवळपास हीच प्रार्थना शतकानुशतकं श्वासाबरोबर म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. मला ती कुणी शिकवली नव्हती. भीतीपोटी सुटली आणि मग राहिली.

सकाळी कोपऱ्यावर कचरागाडीचं गाणं वाजलं की ओला, सुका आणि डायपरचा असे वेगवेगळे डबे घेऊन खाली धावायचं. वर येईपर्यंत दूध उतू. मग पोळ्या. सांगा, अखंड तास कुठून आणू?

ब्रदर लॉरेन्स सगळ्यांनाच माहीत आहेत. सैन्यात जखमी होऊन पायाने अधू झालेला माणूस, पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात आला आणि वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबला. ते काम त्यांना मुळात आवडायचं नाही. तरी त्यांचं म्हणणं असं की भांड्यांच्या गोंगाटात आणि वेदीपुढे गुडघे टेकून, देव दोन्हीकडे सारखाच जवळ. त्याच संघातली स्पॅनिश संत, आविलाची तेरेजा, तिनेही आपल्या मठातल्या भगिनींना सांगितलं होतं की प्रभू स्वयंपाकघरात भांड्याकुंड्यांमध्येही असतो. आपली जनाबाई दुसरं काय सांगते? तिच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसला, तो ती दळण टाकून ध्यानाला बसली म्हणून नव्हे.

निवांत
ताई, तुमच्या घरची परिस्थिती माहीत नव्हती. शब्द लागला असेल तर क्षमा करा. मुद्दा मात्र मागे घेत नाही.

ब्रदर लॉरेन्स मठात होते. त्या मठात सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मूक प्रार्थना हा नियमच आहे. घंटा वाजली की हातातलं ठेवून जायचं. अशा भिंतींच्या आत वर्षं काढलेल्या माणसाला स्वयंपाकघरात देव दिसतो, यात नवल नाही. आपण भिंती सोडून देतो आणि फक्त स्वयंपाकघर उचलतो. प्रभूनेसुद्धा लोकसमुदायाला निरोप दिला आणि प्रार्थनेला एकटाच डोंगरावर गेला. आजारी लोक खाली वाट बघत नसतील का?

माझं सांगतो. माझं दुकान आहे. दोन वर्षं मीही ‘चालता-बोलता प्रार्थना’ केली. गिऱ्हाईक आलं की मनात त्याच्यासाठी प्रार्थना, असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात मनात काय चालायचं? उधारी. तोंडाने प्रभूचं नाव आणि डोक्यात त्या माणसाकडचे बाकी चार हजार. घरी मुलांवर ओरडणं वाढलं. मग पहाटे साडेचारला उठून चाळीस मिनिटं बसायला लागलो, एक स्तोत्र घेऊन, बाकी काही नाही. पहिले सहा महिने नुसत्या डुलक्या. आज सात वर्षं झाली. त्या चाळीस मिनिटांनी मला वाचवलं. म्हणून जीव तोडून सांगतो, फसू नका.

उदयनगरच्या_वाटेवर
दोघांचंही वाचलं. राग येतो. देव स्वयंपाकघरात की डोंगरावर! इंदूरपासून काही तासांवर उदयनगरला जाऊन या. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक नन तिथल्या भूमिहीन आदिवासींना सावकारांच्या विळख्यातून सोडवत होत्या, म्हणून २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, भर प्रवाशांसमोर त्यांना भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला त्यांना इंदुरात धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी मैदानात उभा होतो. त्या गर्दीत डोक्यावर गाठोडी घेऊन आलेल्या बायका बघितल्या आणि ठरवलं, यापुढे श्वास मोजत बसणं बंद. शेजारी व्याजात बुडत असताना स्वतःच्या मनाची शांती शोधणं मला पाप वाटतं.

छावणीतला
‘पाप’ हा शब्द जपून वापरा. जेझुइट या कॅथलिक संघाचा संस्थापक संत इग्नेशियस, त्यानेही १५५१ च्या एका पत्रात शिकणाऱ्या तरुणांना लांब ध्यानं नकोत असंच कळवलं होतं. बोलताना, चालताना, बघताना, खाताना देव शोधा म्हणाला. पण शोधा म्हणाला, सोडून द्या नाही.

जुना_विश्वासी
माझा आक्षेप वेगळा आहे आणि त्यावर कुणीच बोललं नाही. प्रभूच्या विषयात जनाबाई कशाला? माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर सुटलं, शेत सुटलं, सख्खा भाऊ मरेपर्यंत बोलला नाही. ती किंमत भरली ती हे सगळं एकच आहे असं म्हणायला नव्हे. पवित्र शास्त्रात कामात गुंतलेली मार्था आणि प्रभूच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया आहेत. तेवढं पुरत नाही का?

नगरकर_इंदुरात
काका, कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनीही घर गमावलं, पत्नी लक्ष्मीबाई कितीतरी वर्षं दूर राहिल्या. तोच माणूस म्हणाला की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आणि जात्याचं म्हणाल तर फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात ख्रिस्ताची कथा छापली ती मराठी ओवीत. ओवी कुठली? बायका दळताना म्हणतात तीच ना?

जुना_विश्वासी
पूल ओलांडायचा असतो. पुलावर घर बांधत नाहीत. टिळकही पलीकडे पोचले, तिथे थांबले नाहीत.

नगरकर_इंदुरात
पलीकडे पोचलेल्यांनी पूल पाडला, त्याचं काय? माझी आजी नगर जिल्ह्यातली, लग्न होऊन इंदूरला आली. मिरची कांडताना टिळकांची गीतं म्हणायची. ठसक्याने डोळ्यांत पाणी आणि तोंडी गीत, अशीच ती मला आठवते. चर्चमध्ये सगळं हिंदीत, तिला त्याचं काही नव्हतं, पण घरची प्रार्थना मराठीतच. ‘मला मातीला देताना मराठी गीत म्हणा,’ एवढं एकच मागून गेली. दफनाच्या दिवशी म्हणणारे आम्ही तिघं. दुसरं कडवं तिघांनाही येईना. वर आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने हळूच सांगितलं, ‘आटपा, हे भजनासारखं वाटतं.’ काका, तेव्हापासून ‘भजनासारखं’ हा शब्द मला सहन होत नाही. आता दर रविवारी ड्रम आणि कीबोर्ड इतके मोठे की शेजारच्याचा आमेनसुद्धा ऐकू येत नाही. मौन काय, स्वयंपाकघर काय, आधी निदान कान शिल्लक ठेवा!

जुना_विश्वासी
कडव्याचं वाचून वाईट वाटलं. तो माणूस चुकला. मातीच्या वेळी असं बोलायचं नसतं. ड्रमच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे, हे लिहायला जड जातंय. पण जनाबाईचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

रामबागची_सून
जनाबाई मी काढली, उत्तर मी देते. मी विठ्ठलाची पूजा करत नाही. पण माझ्या भाषेत देवाला कामाच्या मधोमध हाक मारायला मला तिने शिकवलं, कारण मराठी मला तिच्याकडून आली. पॅरिसचा लॉरेन्स चालतो, तर पंढरपूरची बाई का नको?

निवांतदादा, आता तुम्हाला एकच विचारते. मनापासून उत्तर द्या. पहाटे साडेचारपासून पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत तुम्ही बसता, तेव्हा घरात दुसरं कोण जागं असतं?

निवांत
उत्तर द्यायला दिवस लागला.

बायको जागी असते. पाणी साडेचारलाच येतं, ती भरते. मग मुलाचा डबा. मी बसलेला असतो म्हणून ती भांडी आवाज न करता ठेवते, कुकर मी उठल्यावर लावते. सात वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. काल ती घागर दोन्ही हातांनी टेकवताना पाहिली आणि स्तोत्र पुढे सरेना. तिला विचारलं, तू प्रार्थना कधी करतेस? म्हणाली, ‘तुम्ही बसता ना, तेव्हाच. पाणी भरताना.’

तरीही सांगतो, माझी चाळीस मिनिटं खोटी नव्हती.

रामबागची_सून
खोटी म्हटलंच नाही. मीही एक कबूल करते, आधी लिहायला नको वाटत होतं. रात्री दहाची कूस बदलून झाली की मी बाथरूममधल्या स्टुलावर दहा मिनिटं बसते. दिवस मागे वळून बघते, कुठे चिडले, कुठे सासूबाईंचा हात झिडकारला. इग्नेशियसने दिवसातून दोनदा सांगितलंय, माझं एकदाच होतं. गेल्या पावसाळ्यात ते महिनाभर सुटलं होतं. त्या महिन्यात ‘दया कर’ म्हणत होते, पण म्हणताना त्यांना ओढून वळवत होते. हात कसे चालले होते ते माझं मला कळलं. तेवढी दहा मिनिटं नसतील तर दिवसभराचं नुसतं पाठ म्हणणं होतं. इतकं तुमचं मान्य.

उदयनगरच्या_वाटेवर
माझं कुणी मान्य करणार आहे का?

निवांत
तुमचंच घ्या. राणी मारियांच्या मारेकऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मींनी, तुरुंगात जाऊन राखी बांधली. ज्या हातात सुरा होता त्याच हाताला. ते बळ मोर्च्यातून येतं का, तुम्हीच सांगा.

उदयनगरच्या_वाटेवर
मोर्च्यातून नाही येत. ठीक आहे. ‘पाप’ शब्द मागे घेतो. पण प्रार्थना करून उठल्यावर सावकाराच्या दारात कोण जाणार, हेही एकदा इथे लिहा.

निवांत
लिहितो, पण आज नाही. ताई, उद्यापासून पाणी मी भरणार आहे आणि डबाही. बसणं रात्रीवर नेतो, चाळीस मिनिटं सोडणार नाही. पोळ्या मला येत नाहीत.

रामबागची_सून
कणीक रात्रीच मळून ठेवा, वर तेलाचा हात फिरवा म्हणजे वाळणार नाही. पहिल्या आठवड्यात पराठे करा, वेडेवाकडे झाले तरी चालतात. चला, दहा वाजले, कूस बदलायची आहे.

जुना_विश्वासी
नगरकर, आजीचं गीत कुठलं होतं ते कळवा. आमच्याकडे जुनं गीतपुस्तक आहे. दुसरं कडवं उतरवून पाठवतो.