शाखेत विंडोज ७ आणि क्रोम १०९: नवीन सीएसएसमधलं काय वापरू?

रेवती_यूआय:
एका पतसंस्थेची साइट नव्याने करतेय. सभासद मोबाइलवर बघतात, त्याची फार चिंता नाही. पण शाखांच्या काउंटरवर अजून विंडोज ७ आहे, तिथे क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. एका शाखेत फायरफॉक्स ११५. साहेब म्हणतात, "मशीन चालतंय ना, मग झालं तर!"

मला सीएसएसमधलं (पानाची मांडणी आणि रंग ठरवणारी भाषा) नेस्टिंग (नियमाच्या आत नियम लिहिणं), हॅज (आत काय आहे त्यावरून बाहेरचा घटक निवडणं), कंटेनर क्वेरी (भोवतालच्या चौकटीच्या रुंदीनुसार मांडणी बदलणं), सबग्रिड (आतल्या मांडणीने बाहेरच्या जाळीच्याच रेषा धरणं), सगळंच हवंय. ठेवींची कार्डं शेजारी-शेजारी आहेत. 'ज्येष्ठ नागरिक मुदत ठेव' हे नाव दोन ओळींवर गेलं की व्याजदर खाली सरकतो आणि बाजूच्या कार्डाशी जुळत नाही. सबग्रिड त्यासाठीच. कुठल्या ब्राउझरमध्ये काय चालतं त्याचे, म्हणजे सपोर्टचे, तक्ते सगळीकडे हिरवे दिसतात, पण ते जगाचे. माझ्या काउंटरवर काय चालेल?

जुना_टेबलवाला:
क्रोम १०९ मध्ये हॅज आणि कंटेनर क्वेरी चालतात, दोन्ही आवृत्ती १०५ लाच आले. नेस्टिंग ११२ ला आलं, सबग्रिड ११७ ला, म्हणजे दोन्ही नाहीत. फायरफॉक्स ११५ ची तऱ्हाच वेगळी: सबग्रिड ७१ पासून आहे, कंटेनर क्वेरीही आहे, पण हॅज १२१ ला आलं आणि नेस्टिंग ११७ ला.

नेस्टिंग खुशाल लिही, फक्त बिल्डमध्ये (साइटच्या अंतिम फाइल तयार होताना) सपाट करून घे, म्हणजे आतले नियम सुटे होतील. हे काम करणाऱ्या लाइटनिंग सीएसएस या साधनाला क्रोम १०९ आणि फायरफॉक्स ११५ हे टार्गेट दे. सबग्रिड सपोर्ट्सच्या अटीत टाक (ब्राउझरला येत असेल तरच लागू होतं). अटीबाहेर साधा फ्लेक्स कॉलम (वरून खाली मांडणी) ठेव आणि कार्डावरच्या बटणाला वरचा मार्जिन ऑटो दे. बटणं तरी एका रेषेत येतील. दर थोडा खालीवर दिसला म्हणून काउंटरवरचा माणूस ठेव परत करत नाही.

पिक्सेलपंत:
हॅजबाबत एक सांगतो. स्वल्पविराम देऊन इतर सिलेक्टरांसोबत (नियम कुठल्या घटकाला लागू ते सांगणारे भाग) एकाच नियमात लिहू नका. फायरफॉक्स ११५ ला तो एक कळला नाही की अख्खा नियम बाद, बाकीचे बिचारे फुकट जातात. वेगळा नियम करा.

आणि आयफोन ७ कुणाकडे आहे का, तेही विचारा. तो आयओएस १५ वरच थांबलाय: हॅज आहे, कंटेनर क्वेरी नाही. त्यावर क्रोम टाकूनही उपयोग नाही, आत सफारीचंच इंजिन असतं.

रेवती_यूआय:
आयफोन ७ खुद्द चेअरमनांकडे आहे! म्हणजे मोबाइलचा एका रकान्याचा लेआउट मूळ धरते आणि कंटेनर क्वेरी फक्त रुंद कार्डासाठी ठेवते. हॅज मी फॉर्ममध्ये चुकलेल्या रकान्याचं लेबल लाल करायला वापरणार होते. खाली चूक सांगणारा मजकूर येतोच, त्यामुळे रंग नाही आला तरी अडणार नाही. सबग्रिडचं पंतांना आणि टेबलवाल्या दादांना उद्या स्क्रीनशॉट टाकते.