जळजळ असताना स्लीव्ह की बायपास?

घडीचीपोळी: ताईच्या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारतोय. वय ४२, उंची १६२ सेंमी, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय ४३ च्या आसपास. मधुमेह, इन्सुलिन चालू. छातीत जळजळ रोजचीच. शाकाहारी आहे. सर्जन स्लीव्ह सुचवतायत. ठीक आहे का?

टाका: एंडोस्कोपी केलीय का? स्लीव्हमध्ये जठराचा ७५-८० टक्के भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी उरते. तिच्यात दाब जास्त असल्याने आम्ल वर येतं. जळजळ नव्हती त्यांनाही सुरू होते. अन्ननलिकेला जखमा असतील किंवा बॅरेट (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) दिसलं, तर जठराचा बायपासच बरा. त्यात वर जेमतेम ३० मिलीची पिशवी राहते, आम्ल तयार करणारं जठर बाजूला पडतं. इन्सुलिनवरच्या मधुमेहातही बायपासचं पारडं जड.

मेतकूट: बायपास फुकटचा नाही हो. आतड्याचा पहिला भाग वगळला जातो, त्यामुळे लोह, कॅल्शियम, बी१२ नीट शोषलं जात नाही. शाकाहारी माणसाचं बी१२ बऱ्याचदा आधीच कमी असतं, ते शस्त्रक्रियेपूर्वी तपासून भरून काढा. पुढे आयुष्यभर गोळ्या. कॅल्शियम सायट्रेट रोज १२००-१५०० मिग्रॅ, एका वेळी ५०० च, आणि लोहाच्या गोळीपासून २ तास लांब. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद. तंबाखू तर कुठल्याच रूपात नको. या सगळ्यांनी जठराची पिशवी आणि आतडं यांच्या जोडावर अल्सर होतो.

टाका: मान्य. पण स्लीव्हनंतरही बी१२ आणि लोह तपासावंच लागतं.

साबुदाणा: प्रथिनं रोज किमान ६० ग्रॅम. वरणाच्या पाण्यात ती नावालाच असतात, त्यावर विसंबू नका. १०० ग्रॅम पनीरमधून जेमतेम १८ मिळतात आणि शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे तर पातळच घ्यायचं असतं, म्हणजे व्हे पावडर लागणारच. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने घोट घोट. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर थायमिनचं (बी१) इंजेक्शन आधी, ग्लुकोजचं सलाईन नंतर. क्रम चुकला तर मेंदूला इजा होऊ शकते. नाडी १२० च्या वर आणि पोट किंवा खांदा दुखत असेल तर टाका उसवून गळती झाल्याची शंका घ्यायची, सकाळची वाट बघायची नाही. इन्सुलिनचा डोस शस्त्रक्रियेआधीच्या कमी उष्मांकाच्या आहारापासूनच डॉक्टरांकडून उतरवून घ्या, नाहीतर साखर कोसळेल.

घडीचीपोळी: एंडोस्कोपी नाही झाली, सोनोग्राफी झालीय.

टाका: सोनोग्राफीत पित्ताशय दिसतं, अन्ननलिकेच्या आतली जखम नाही. एंडोस्कोपी करून घ्या, मगच तारीख ठरवा.