आस्टा निल्सनवर डेन्मार्कचा हक्क कितपत?

जुनी रिळे :
मूकपटांच्या काळातील अभिनेत्री आस्टा निल्सन हिचा गौरव ‘डेन्मार्कची पहिली जागतिक तारका’ असा केला जातो. हा मान डेन्मार्कने फुकटात पदरात पाडून घेतला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 1881 साली कोपनहेगनमध्ये कष्टकरी कुटुंबात ती जन्मली. 1901 मध्ये तिला विवाहाशिवाय मुलगी झाली, पण मुलीच्या पित्याचे नाव तिने कधीही जाहीर केले नाही. पुढे कोपनहेगनच्या रंगभूमीवर तिची उमेदीची वर्षे खर्ची पडली, तरी म्हणावी तशी मोठी भूमिका तिच्या वाट्याला आली नाही. 1910 साली दिग्दर्शक उर्बान गाड याच्या ‘आफग्रुंडेन’ या चित्रपटाने तिचे नाव युरोपभर झाले, आणि पुढच्याच वर्षी जर्मन निर्मात्यांनी तिला बोलावून घेतले. 1932 पर्यंत तिने जर्मनीत सत्तरच्या आसपास चित्रपट केले. डेन्मार्कमधील तिचे कथापट अवघे 4 आहेत.

पडद्यामागे :
आकड्यांवरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तिची शैली जर्मनीत घडली असती तर गोष्ट वेगळी होती, परंतु ती ‘आफग्रुंडेन’मध्येच पूर्ण झालेली दिसते. ती त्यात पियानो शिकवणाऱ्या माग्दाच्या भूमिकेत आहे. सर्कशीतील प्रियकराला दोराने जखडून त्याच्याभोवती ती जे नृत्य करते त्याचीच चर्चा अधिक होते, पण मला शेवटचे दृश्य मोठे वाटते. प्रियकराचा खून करून पोलिसांबरोबर बाहेर पडताना ती ना छाती पिटते ना डोळ्यांवर हात नेते. चेहरा कोरा ठेवून, जणू शरीर आपले नव्हेच अशा चालीने ती निघून जाते. हातवाऱ्यांनी भावना दाखवण्याच्या त्या काळात हा संयम तिने बर्लिनला जाण्यापूर्वीच साधला होता. दिग्दर्शक डॅनिश, सहकलाकार पॉल रॉयमर्टही डॅनिशच.

जुनी रिळे :
संयम तिचा होता, देशाचा नव्हे. शिवाय कलावंताला वाढू देण्यासाठी पैसा आणि स्वातंत्र्य लागते, ते जर्मनीने दिले. तेथे स्वतःची निर्मितिसंस्था काढून तिने 1921 चा ‘हॅम्लेट’ केला. राजा रणात पडल्याची बातमी येताच वारसाहक्क वाचवण्यासाठी राणी नवजात मुलीला मुलगा म्हणून जाहीर करते, असे त्याचे कथानक आहे. पुरुषवेशातल्या या राजकन्येचे मन होरेशिओवर जडलेले आणि होरेशिओ मात्र ओफेलियाच्या मागे, त्यामुळे हॅम्लेटच्या प्रसिद्ध दोलायमानतेला येथे निराळेच कारण मिळते. गंमत अशी की डेन्मार्कच्या राजपुत्राची ही गोष्टसुद्धा तिला जर्मनीतच सांगता आली!

तिसरी घंटा :
दोघांचेही म्हणणे वाचले. जर्मनीचे गुणगान करताना तिचा उत्तरकाळ विसरू नये. 1925 मध्ये दिग्दर्शक पाब्स्टच्या चित्रपटात चलनवाढीने पोळलेल्या व्हिएन्नाचे चित्रण आहे, आणि त्यात निल्सनबरोबर तरुण ग्रेटा गार्बो आहे. गार्बोला हॉलिवूडने उचलले, निल्सनला मात्र चित्रपट मिळेनासे झाले आणि ती नाटकांकडे वळली. 1932 मधील तिचा एकमेव बोलपट आला तेव्हा तिने पन्नाशी गाठली होती. तिचा आवाज आड आला असे म्हणणे मला पटत नाही, कारण ती कोपनहेगनच्या रॉयल थिएटरच्या शाळेत शिकलेली नटी होती. पन्नाशीच्या स्त्रीसाठी भूमिका लिहिणारे नव्हते, एवढेच. नंतर नाझी राजवटीकडून आलेले चित्रपटांचे प्रस्ताव आपण नाकारले, असे तिने सांगितले आहे. 1937 मध्ये ती कायमची डेन्मार्कला परतली. ज्या देशाने तिला मोठे केले तोच देश तिला राहण्याजोगा उरला नव्हता.

जुनी रिळे :
हा मुद्दा रास्त आहे, आणि जर्मनीला त्यातून सूट देण्याचा माझा हेतू नाही. परंतु परतल्यावर डेन्मार्कने काय केले? 1972 मध्ये नव्वदाव्या वर्षी तिचे निधन होईपर्यंत तेथील एकाही कथापटात तिला भूमिका मिळाली नाही. तिने आत्मचरित्र लिहिले, कापडाच्या तुकड्यांची चित्रे केली.

पडद्यामागे :
त्या उपेक्षेचे समर्थन मी करणार नाही. तरी 1968 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षाच्या आसपास, तिने स्वतःवरचा माहितीपट स्वतःच दिग्दर्शित केला, आणि तो डेन्मार्कमध्येच झाला. ‘आफग्रुंडेन’च्या पहिल्या मिनिटापासून ती कोपनहेगनच्या रस्त्यावरची बाई वाटते, आणि जर्मन चित्रपटांतही मला तीच बाई दिसत राहते. आपल्याला ती तेथे जर्मन झालेली कोणत्या दृश्यात दिसते, ते सांगावे.