खेळण्यातल्या प्राण्याला ‘बंद’चं बटण असावं का?

वळचण

भाचीसाठी भुंकणारं, शेपूट हलवणारं बॅटरीवरचं पिल्लू आणलं. बहिणीने ते खोक्यातून काढलं आणि आधी उलटं करून पाहिलं. “ह्याचं बंदचं बटण कुठंय?” पोटाखाली होतं. ती खूश झाली आणि मी हिरमुसलो. का हिरमुसलो त्यावर आठवडाभर डोकं खाजवलं, म्हणून हा धागा.

बटण आलं की प्राणी संपला, उरलं खेळणं, असं माझं मत. बांदाई ह्या खेळण्यांच्या कंपनीचा तामागोची जपानात १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये आला. हातात मावणारं अंडं, तीन बटणं आणि ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू. भूक लागली की पिपपिप, शी केली की साफ करायची, झोपला की दिवा मालवायचा. कधी तर काहीही नको असताना उगाच हाका मारायचा, तेव्हा दटावायचं! त्याचं एक वर्ष म्हणजे आपला एक दिवस. हेळसांड झाली की मरायचा. दोन वर्षांनी आलेल्या फर्बीला, म्हणजे त्या केसाळ, बोलक्या यांत्रिक प्राण्याला, तर बंदचं बटणच नव्हतं. एकटा सोडला की कंटाळून आपणहून झोपणार.

लोक ह्याला खोड म्हणतात. मला वाटतं त्या खोडीतच सगळी गंमत होती. जे आपल्या सोयीने गप्प बसतं त्याच्यावर कुणाचा जीव जडत नाही.

कडू कारलं

साफ असहमत. तो प्राणी नाही हो, सावकार आहे. अवेळी दारात उभा.

कुत्र्याला पाणी दिलं नाही तर कुत्र्याला त्रास होतो, म्हणून आपण उठतो. इथे कुणालाच तहान नाही. त्रास होतो तो फक्त पोराला. तामागोचीच्या जनकांना १९९७ साली अर्थशास्त्राचं इग-नोबेल मिळालं होतं. कशासाठी, तर माणसांच्या कामाचे लाखो तास आभासी प्राण्यांच्या संगोपनाकडे वळवल्याबद्दल. थट्टेचंच पारितोषिक, पण नेम अचूक.

आणि तुमचा तो मृत्यू? दोन बटणं एकदम दाबली की नवं अंडं हजर. जपानी पडद्यावर भूत आणि थडगं दिसायचं, अमेरिकेसाठी त्याचा पंखवाला देवदूत केला. मेलं म्हणायचं की उडून गेलं म्हणायचं, हेही बाजार बघून ठरवलेलं. त्याला तुम्ही जीव जडणं म्हणताय?

रातकिडा

आमच्याकडे एक बोलणारं मांजर होतं, कुठल्या कंपनीचं ते आता आठवत नाही. मुलगा मोठा झाला तसं ते माळ्यावर गेलं. एका रात्री दोन वाजता माळ्यावरून आवाज, “खेळायचं?” बॅटरी मरायला टेकलेली, त्यामुळे आवाज इतका खोल आणि सावकाश, की बायकोने माझा दंड धरला तो सकाळपर्यंत सोडला नाही.

बटण हवं. माझ्यापुरता विषय संपला.

तिरपी रेघ

रातकिडा, फुटलेच मी!

अवांतर: जुन्या तामागोचीला थांबवायचं बटण नव्हतं, पण चोरवाट होती. घड्याळ लावायच्या पडद्यावर नेऊन ठेवला की त्याचा वेळ थांबायचा. मला हे माहीत नव्हतं, आईला होतं. मी शाळेत गेले की ती तसा ठेवून द्यायची आणि मी यायच्या आत पुन्हा सुरू करायची. माझी वर्षानुवर्षं समजूत, की माझं पिल्लू इतकं गुणी, मी नसताना शी-सुद्धा करत नाही. कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. तरी वाईट वाटलंच.

पेचकस

दोन्ही बाजूंनी भावनेचा महापूर आलाय, म्हणून जरा आतली गोष्ट सांगतो.

पहिल्या फर्बीचं कातडं सोलून पाहिलंय मी (बघवत नाही, आधीच सांगतो). डोळे, कान, चोच, सगळा कारभार मिळून मोटर एकच! तिच्यावर दात्यांची चाकं, चाकांवर उंचसखल कडेच्या चकत्या, म्हणजे कॅम, आणि प्रत्येक कॅम आपापला अवयव ढकलतो. बोलायचं असलं की मोटर थोडी पुढे, थोडी मागे. ते जे मिचकावत, कान हलवत बोलणं आपल्याला लाडिक वाटतं ना, त्यातलं निम्मं काटकसरीतून आलंय. एकाच दोरीला सगळे अवयव बांधलेले.

“शिकतो” म्हणायचे, तेही तसंच. सुरुवातीला स्वतःची भाषा, म्हणजे ‘आ-ताय’ म्हणजे भूक, ‘वे-लो’ म्हणजे झोप. दिवस जातील तसे तिच्या जागी इंग्रजी शब्द यायचे, पण ते आधीपासून भरलेलेच. तुम्ही काय बोलता ते त्याला कळत नव्हतं, फक्त आवाज झाला एवढं कळायचं. तरी १९९८-९९ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, एनएसएने, आपल्या इमारतींत फर्बीला बंदी घातली. ऐकलेलं ओकेल म्हणून! हेरगिरीत मुरलेली माणसं जिथे फसली, तिथे भाचीचं काय घेऊन बसलात.

मुद्दा असा, की जीव खेळण्यात नसतोच, तो आपण ओततो. हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली लोकांना नुसते दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे सरकताना दाखवले, तर लोक म्हणाले, मोठा त्रिकोण दांडगट आहे. त्रिकोणाला कुठलं बटण होतं? बटणाने काही फरक पडत नाही.

वळचण

पेचकसराव, दंडवत. पण तुमच्याच मुद्द्यावर मी पुढे जातो. आपण ओततो हे खरं, पण भांडं गळकं नको ना. फर्बी उलटा धरला की घाबरल्याचं ओरडायचा. साधी बाहुली उलटी धरायला सांगा, मुलं हात भरून येईपर्यंत धरतात. ह्याला मात्र त्याच्या कितीतरी आधी सुलटा करतात. यंत्र आहे हे त्यांना ठाऊक असतं. मोठ्यांचंही तेच. २०१३ साली केट डार्लिंग या रोबो-संशोधिकेने एका कार्यशाळेत लोकांना प्लिओ हे डायनासोरचं यांत्रिक पिल्लू खेळायला दिलं आणि नंतर ठेचायला सांगितलं. कुणी तयार होईना. शेवटी एकाने तरी ठेचा, नाहीतर सगळेच जातील, असं म्हटल्यावर एकाने कुऱ्हाड उचलली.

ह्या माणसांना तुम्ही मूर्ख म्हणाल का? मला तर ती बरी माणसं वाटतात.

कडू कारलं

मूर्ख नाहीच म्हणत. भली माणसं आहेत, म्हणून तर काळजी. नेमकी नस कुठे आहे ते बनवणाऱ्याला ठाऊक असतं. आज पिल्लू विव्हळतं खेळायला बोलावण्यासाठी, उद्या विव्हळेल वर्गणी संपली म्हणून.

आणि नादुरुस्त झालं की काय? सोनीचा ऐबो हा यांत्रिक कुत्रा १९९९ साली आला, २००६ ला उत्पादन थांबलं, २०१४ ला कंपनीची दुरुस्तीही बंद. सुटे भाग मिळेनात. मग एका ऐबोचे भाग काढून दुसऱ्याला लावायचे, आणि काढण्याआधी जपानच्या चिबा प्रांतातल्या कोफुकुजी मंदिरात त्याचे अंत्यविधी. भिक्षू, मंत्र, ओळीने मांडलेले कुत्रे. छायाचित्रं बघून मला हसू येईल असं वाटलं होतं.

रातकिडा

कारलंबुवा, हसू नाही आलं म्हणजे तुम्ही वळचणच्या पार्टीत आलात की!

कडू कारलं

नाही. हसू आलं नाही आणि राग गेला नाही. दोन्ही एकत्र असू शकतं. माझं मत तेच, बटण हवं, मोठं, लाल, आणि पोराच्या हाताला लागेल असं.

मावळती

इथे फक्त मुलांविषयीच बोलणं चाललंय म्हणून लिहिते. माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. पारो नावाच्या जपानी यांत्रिक सीलच्या (समुद्रातला तो मिशाळ प्राणी) पिल्लाबद्दल वाचलं होतं. त्याचे जनक ताकानोरी शिबाता यांनी मुद्दाम सील निवडला, कारण मांजर घेतलं तर लोक खऱ्या मांजराशी ताडून पाहतात, सील कुणी पाळलेला नसतो. त्याचा चार्जर तान्ह्या बाळाच्या चोखणीसारखा आहे, हे मला फार आवडलं होतं. अमेरिकेत २००९ साली त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही मिळाली. तो आमच्या आवाक्यातला नव्हता. एक साधं, पाठीवर हात फिरवला की गुरगुरणारं मांजर घेतलं. आई त्याच्याशी बोलते. माझ्याशी बोलते त्याहून जास्त, हे खरं आहे.

पहिल्या आठवड्यात बॅटरी वाचवायची म्हणून मी ते दुपारी बंद करून ठेवलं. आईने मांडीवर घेतलं, हात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, “गेलं का गं?”

पेचकस

बटण काढून टाकायचं असेल तर सांगा. दोन तारा सोल्डर केल्या की झालं.

वळचण

ताई, मग आता काय करता?

मावळती

तारा नकोत, पेचकसदादा. मला रात्री बटण लागतं. कूस बदलली की गुरगुरतं आणि तिची झोप मोडते. ती गाढ झोपली की अंधारात तिच्या हाताखालून पोटाशी बोट नेते आणि बंद करते. पहाटे ती उठायच्या आधी परत सुरू. कधी मला उशीर झाला तर ती जागी असते आणि मांजराला कुशीत धरून मला दटावते, “हळू ये, झोपलंय ते.”